'मेक इन्स्टॉल-स्ट्रिप': ऑटोमेकची ही सोय हाताने लिहिलेल्या '-एस'पेक्षा का सरस

मेकफाइलमध्ये (बिल्ड आणि इन्स्टॉलचे नियम असलेल्या फाइलमध्ये) थेट 'इन्स्टॉल -एस' घालणारा पॅच रिव्ह्यूला आला तर तो परत पाठवावा. '-एस'मुळे बायनरी जागी ठेवतानाच 'स्ट्रिप' होते, म्हणजे तिच्यातली सिम्बॉल (फंक्शन-व्हेरिएबलची नावं) आणि डीबग माहिती काढून टाकली जाते. बदल एका अक्षराचा दिसतो, पण सिम्बॉल ठेवायचे की काढायचे हे ठरवण्याचा हक्क इन्स्टॉल करणाऱ्याच्या हातून जातो. डेबियनमध्ये पॅकेज बनवताना चालणारं 'डीएच_स्ट्रिप' हे साधन डीबग माहिती बाजूला काढून तिचं स्वतंत्र पॅकेज बनवतं. मेकफाइलने बायनरी आधीच सोलून ठेवली, तर त्या पॅकेजात घालायला काही उरतच नाही, आणि स्ट्रिप करू नका असं सांगणारा 'नोस्ट्रिप' पर्यायही निकामी होतो.

मेकफाइल तयार करून देणाऱ्या ऑटोमेकमध्ये यासाठी दोन वेगळी टार्गेट ('मेक'ला देता येणारी कामं) आहेत. 'मेक इन्स्टॉल'ने बायनरी सिम्बॉलसकट जाते, 'मेक इन्स्टॉल-स्ट्रिप'ने त्याच नियमांतून स्ट्रिप होऊन जाते. त्यासाठी वेगळी एक ओळही लिहावी लागत नाही.

खरा कस लागतो तो क्रॉस-कंपाइल करताना. एक्स८६ मशीनवर आर्मसाठी बिल्ड चालू असेल, तर नुसतं 'इन्स्टॉल -एस' पाथमध्ये सापडेल तो 'स्ट्रिप' उचलतं. तो बहुधा बिल्ड मशीनचाच असतो, त्याला आर्मची फाइल ओळखता येत नाही आणि इन्स्टॉल अर्ध्यावर थांबतं. ऑटोमेकच्या वाटेने गेल्यास 'कॉन्फिगर' आर्मच्या टूलचेनचा (कंपायलर वगैरे साधनांच्या संचाचा) 'स्ट्रिप' शोधतं आणि 'स्ट्रिपप्रॉग' या व्हेरिएबलमधून तो फाइल जागी ठेवणाऱ्या 'इन्स्टॉल-एसएच' या स्क्रिप्टपर्यंत पोचतो. ऑटोमेक नकोच असेल, तर कोअरयुटिल्सच्या 'इन्स्टॉल'ला '--स्ट्रिप-प्रोग्राम' हा पर्याय द्यावा.

तरी हाताने लिहिलेले नियम तपासायलाच हवेत. शेल स्क्रिप्ट कॉपी करायला कुणी 'इन्स्टॉल_प्रोग्राम' हे बायनरीसाठीचं व्हेरिएबल वापरलं असेल, तर साध्या इन्स्टॉलमध्ये ते खपून जातं. 'इन्स्टॉल-स्ट्रिप' चालवताच फाइलचा फॉरमॅट ओळखला नाही म्हणून सगळं कोसळतं. तिथे 'इन्स्टॉल_स्क्रिप्ट'च हवं. स्टॅटिक लायब्ररी ऑटोमेक 'इन्स्टॉल_डेटा'ने ठेवतो, त्यामुळे ती वाचते. तिच्यावर पूर्ण 'स्ट्रिप' चालवलं तर लिंक करताना सिम्बॉल सापडत नाहीत. तिथे फार तर '--स्ट्रिप-डीबग'. फाइलला कॅपॅबिलिटी (रूटचे ठरावीक अधिकार) देणारं 'सेटकॅप' असेल तर ते स्ट्रिपनंतरच: फाइलमध्ये पुन्हा लिहिलं की कर्नल त्या कॅपॅबिलिटी काढून टाकतो.

मोठी उणीव एकच, पण ती क्रॅशच्या वेळी महागात पडते. 'इन्स्टॉल-स्ट्रिप' हे टार्गेट डीबग माहिती जपून ठेवत नाही, फेकून देतं. ती हवी असेल तर आधी 'ऑब्जकॉपी --ओन्ली-कीप-डीबग', मग 'स्ट्रिप', शेवटी '--ॲड-जीएनयू-डीबगलिंक', याच क्रमाने.

मंजुरी देण्यापूर्वी 'डेस्टडिर'ला (इन्स्टॉल दुसरीकडे वळवणाऱ्या व्हेरिएबलला) दोन रिकाम्या डिरेक्टरी देऊन दोन्ही टार्गेट चालवून पाहावीत. स्ट्रिप केलेल्या फाइलवर 'रीडएल्फ -एस' (मोठा एस) चालवल्यावर '.सिमटॅब' हा सिम्बॉलचा विभाग दिसता कामा नये. '.डायनसिम' मात्र राहणारच, डायनॅमिक लिंकरला ते लागतं.