"मळीचं एनर्जी फीड" विकणाऱ्यापासून सावध राहा (नागपूर साइडचे पिगरीवाले)

हिंगण्याकडे आमची छोटी पिगरी आहे, यॉर्कशायर जातीची डुकरं ठेवतो. उन्हाळ्यात मका आणि सोया डीओसीचे (तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीचे) भाव चढले की सगळेच स्वस्त खाद्य शोधतात, आणि नेमका त्याच टायमाला हा माणूस पिकअप घेऊन येतो. साखर कारखान्याचं मळीचं (साखर काढल्यावर उरतो त्या काळ्या पाकाचं) फीड आहे म्हणे, निम्मा भरडा बंद करून हे घाला, वजन धडाधड वाढते. मोबाईलवर व्हिडिओ पण दाखवला, त्यात म्हशी मस्त खात होत्या. आता म्हशीचं पोट वेगळं आणि डुकराचं वेगळं, चोथा म्हशीला पचतो, डुकराला तेवढा पचत नाही, पण भाऊ बोलायला असा गोड की विचारू नका.

वर एक गोष्ट आधीच सांगून ठेवली, "सुरुवातीला पातळ हगतील, घाबरू नका, पोट साफ होते, मग सेट होतात." खरी गेम इथेच आहे. कारण जनावरं खरंच पातळ हगायला लागली आणि आम्ही सेट व्हायची वाट बघत बसलो. मोठी डुकरं पाणीच पाणी पीत होती, गोठा सारखा ओला, आणि दूध तुटलेली पिल्लं तर शेपटीपर्यंत घाण, डोळे खोल गेलेले. काही पिल्लं गेली.

सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मळी वाईट नाही, पण प्रमाणात. तिच्यात साखर आणि पोटॅशियम भरपूर, म्हणून जास्त झाली की आतड्यात पाणी ओढून घेते आणि हगवण लागते. मोठ्या डुकराला सुद्धा एकूण खाद्याच्या १० ते २० टक्क्यांच्या आतच ठेवायची, लहान पिल्लांना तर साखर नीट पचतच नाही. आणि प्रोटीन जेमतेम ४ टक्के, वाढत्या डुकराला लागतात १६-१८, मग निम्मा भरडा काढल्यावर वजन वाढणार कुठून?

आणि हे तर धड मळी पण नव्हतं. पोतं बादलीत सोडलं तर वर बगॅस म्हणजे उसाचा चोथा तरंगला, खाली काळा गाळ बसला, आंबूस वास. तो गाळ म्हणजे प्रेसमड, उसाचा रस गाळताना निघणारा, शेतात खत म्हणून टाकतात तो. त्यावर पातळ मळी शिंपडली होती, गोड वासापुरती. उरलेली पोती शेजारच्या संत्र्याच्या बागेत गेली, तिथे माल एक नंबर निघाला म्हणा.

पोत्यावर लेबल नाही, प्रोटीन किती, तंतू किती, राख किती काहीच नाही, शिलाई पण जुन्या पोत्यांवर परत मारलेली. बिल मागितलं तर पुढच्या खेपेला देतो म्हणाला आणि पैसे निम्मे कॅश निम्मे यूपीआय. ते यूपीआयचे स्क्रीनशॉट तेवढे आहेत, बाकी फोन बंद. कुणाचं असंच झालं असेल तर स्क्रीनशॉट आणि पोत्यातला नमुना फेकू नका, ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार टाका, पोलीस स्टेशनला अर्ज द्या.

सध्या तो काटोल-कळमेश्वर साइडला फिरतोय असं ऐकलं, मालाचं नाव बदललंय म्हणे, पण ते "आधी पातळ हगतील" वालं बोलणं तेच आहे.