पल्स्ड फील्ड अब्लेशन : पाचपैकी चार तारे

हृदयाचे ठोके बेताल होतात, त्यावर विजेच्या झटक्यांनी करायचं पल्स्ड फील्ड अब्लेशन, म्हणजे पीएफए, माझ्यावर झालं. अब्लेशन म्हणजे हृदयातला बिघाड करणारा भाग निकामी करणं. आधी निकाल सांगतो. पाचपैकी चार. कापलेला एक तारा मशीनचा नाही, माणसांचा आहे. तो का कापला ते खाली येईल.

माझं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. लूमच्या मोटरी, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, विहिरीतले सबमर्सिबल पंप, सगळं येतंय. वय अठ्ठावन्न, शुगर आणि बीपी दोन्ही आहेत. त्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ. माझं एएफ येऊन-जाऊन होतं. कित्येक दिवस काहीच नाही, आणि मग बसल्याजागी छातीत नुसता गोंधळ. नाडी धरली तर एका ठोक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. अशा वेळी हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की लकवा. एएफवाल्याला हा धोका साधारण पाचपट धरतेत. त्यामुळं रक्त पातळ करायची गोळी चालूच होती. ठोके ताळ्यावर ठेवायला अमिओडॅरोन दिलं, तर ठोके सुधारले आणि थायरॉइड बिघडलं. त्या गोळीत आयोडीन भरपूर असतंय, म्हणून थायरॉइडची तपासणी करत राहावी लागते. शेवटी सोलापुरातल्या आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं, "आता गोळ्या बदलत बसू नका, पुण्याला ईपीवाल्यांना दाखवा." ईपी म्हणजे हृदयातल्या विजेचा अभ्यास असलेले डॉक्टर. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, ते मला फार आवडलं. फुप्फुसातून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात उघडतात. त्या शिरांच्या तोंडाशी असलेल्या स्नायूतून भलतेसलते करंट सुटतात आणि अख्खा कप्पा थरथरायला लावतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या हायसागेर या डॉक्टरांनी 1998 साली हे दाखवलं, आणि तेव्हापासून इलाज एकच : त्या तोंडांभोवती मेलेल्या पेशींचं कडं तयार करायचं, म्हणजे आतला करंट बाहेर येत नाही. कडं कशानं करायचं एवढाच प्रश्न. रेडिओफ्रिक्वेन्सीनं तापवून करतात, क्रायो बलूननं गोठवून करतात, आणि आता हे पीएफए आलंय, ज्यात तापवणंही नाही आणि गोठवणंही नाही.

तापवण्याची अडचण अशी की अन्ननलिका डाव्या कप्प्याच्या अगदी पाठीमागून जाते. उष्णता कुठं थांबायचं ते बघत नाही. क्वचित अन्ननलिकेला भोक पडतं, आणि पडलं तर माणूस बहुतेक वाचत नाही. गोठवताना छाती-पोटामधला श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसेला इजा व्हायची भीती असते.

पीएफएमध्ये साधारण दोन हजार व्होल्टचे झटके देतात, पण एकेक झटका मायक्रोसेकंदांचा. तापायला वेळच मिळत नाही. हे ऐकल्यावर मी खुर्चीत पुढं सरकलो, कारण आता बोलणं माझ्या धंद्यातलं होतं. कॉइलला मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला आणि वार्निश कुठं पातळ असलं तर तिथं इन्सुलेशन पंक्चर होतं, तांबं मात्र वितळत नाही. पेशीचं आवरण काही नॅनोमीटर जाडीचं, विजेचा दाब त्याच्यावर येतो, त्याला बारीक छिद्रं पडतात आणि ती परत बुजत नाहीत. पेशी हळूहळू मरते. हृदयाच्या स्नायूची पेशी कमी दाबाला फुटते, अन्ननलिकेची किंवा नसेची जास्त दाब सोसते. म्हणून शेजारी वाचतात. मी मेगरचं बोललो तर डॉक्टर हसले, म्हणाले, "बरोबर आहे काका, फक्त आम्ही पंक्चर मुद्दाम करतो."

एक गंमत त्यांनीच सांगितली. विजेचा झटका देऊन हृदयातला भाग निकामी करणं नवीन नाही. अमेरिकेत शाइनमन यांनी 1982 मध्ये डीसी शॉकनं केलेल्या अब्लेशनचे निकाल छापले होते. पण त्या एकाच मोठ्या शॉकनं आत ठिणगी आणि वाफेचा फुगा व्हायचा, दाबाचा धक्का बसायचा. म्हणून रेडिओफ्रिक्वेन्सी आल्यावर ते बंद पडलं. आता पल्स बारीक केली, उलटसुलट दिशेची केली, आणि वीज परत आली. मला हे पटतं. आमच्याकडंही सप्लाय ताब्यात आल्याशिवाय कुठली मोटर नीट चालत नाही.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडक्यात. पूर्ण भूल देतात, कारण झटक्यांनी अंग उसळतं आणि खोकला येतो. जांघेतल्या शिरेतून जाड नळी, हृदयाच्या मधल्या पडद्याला सुई, तिथून कॅथेटर, म्हणजे झटके देणारी बारीक नळी, डाव्या बाजूला. माझ्या कॅथेटरला पाच पाती होती, ती आधी टोपलीसारखी आणि मग फुलासारखी उघडून प्रत्येक शिरेच्या तोंडाशी लावतात. मला यातलं काही कळलं नाही. जाग आली तेव्हा पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं, आणि कंटाळा हीच मोठी तक्रार होती. दुखणं म्हणाल तर जांघेत, आणि घशात जरा खवखव.

आता कापलेला तारा. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी तांबडी झाली, पातळ कोकमासारखी. आमची ही तर रडायलाच लागली. सिस्टर सहज म्हणाली, "होतंय काका असं." होतंय तर आधी सांगा की! नंतर डॉक्टर आले आणि त्यांनी नीट समजावलं : झटक्यांनी काही तांबड्या पेशीही फुटतात, त्यातला रंग किडनीवाटे बाहेर पडतो, म्हणून सलाइन जोरात लावतात. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत साफ होतं, क्वचित एखाद्याची किडनी बसते. झटके जितके जास्त तितका हा त्रास जास्त. किडनीचा आजार असणाऱ्यानं हे ऑपरेशनच्या आधी विचारायला पाहिजे. मी शुगरवाला आहे, माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, त्यांनी आधी बघितलं होतं, म्हणजे त्यांना माहीत होतं. मग संमतीच्या कागदावरच्या बारीक अक्षरात ठेवण्याऐवजी तोंडानं सांगायला काय जात होतं? लाखांत पैसे घेताय, दोन मिनिटं बसून बोला.

आणखी एक. कॅथलॅबच्या, म्हणजे हे काम करतात त्या खोलीच्या, बाहेर एक मार्केटिंगवाला मुलगा बोलला होता, "सर, याचा रिझल्ट जुन्यापेक्षा लई भारी." हे खोटं आहे, भाच्यानं शोधून दाखवलं. अमेरिकेत अॅडव्हेंट नावाची चाचणी झाली, 2023 मध्ये निकाल आला. 607 रुग्ण, निम्म्यांना पीएफए आणि निम्म्यांना तापवून किंवा गोठवून. वर्षभरानंतर यश 73.3 टक्के आणि 71.3 टक्के. म्हणजे बरोबरीच. काम मात्र लवकर उरकलं, साधारण 106 मिनिटं विरुद्ध 123. एक्स-रे उलट पीएफएत जास्त लागला, 21 मिनिटं विरुद्ध 14. तेव्हा कुणी बरं होण्याचा आकडा फुगवून सांगत असेल तर त्याला हे दाखवा.

जास्तीचे पैसे कशाचे, तर शेजारचे अवयव सांभाळण्याचे. मॅनिफेस्ट नावाच्या नोंदीत पीएफए झालेले 17,000हून जास्त रुग्ण होते, त्यात अन्ननलिकेला भोक पडल्याची एकही नोंद नाही. मोठी गुंतागुंत सुमारे 1 टक्का. पूर्ण निर्धोक असं काही नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीजवळ झटका दिला तर ती आकसू शकते, त्याला ती सैल करणारं नायट्रोग्लिसरीन हे औषध तयार ठेवतात. 2025 च्या जानेवारीत जॉन्सन अँड जॉन्सननं व्हॅरिपल्स हे आपलं पीएफएचं मशीन अमेरिकेत काही काळ थांबवलं होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे त्रास नोंदले गेले म्हणून, आणि तपासून परत चालू केलं. युरोपात हे तंत्र 2021 पासून, अमेरिकेत परवानगी 2023 च्या डिसेंबरपासून. म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी काय होतं ते कुणाकडंच नाही. मी तरी हेच निवडलं, कारण अन्ननलिकेच्या त्या एका वाक्यानं माझी झोप उडाली होती.

घरी आल्यावरचं. गाडीनं आलो. भिगवणला आणि टेंभुर्णीला उतरून पाय मोकळे केले, तसं सांगितलंच होतं. वजन उचलायचं नाही म्हणून दुकानात पोरांना मोटरी हलवताना बघत बसलो. पहिले दोन-तीन महिने ठोके मधूनच बिघडतात, त्याला नापास धरत नाहीत. मला दोनदा झालं आणि थांबलं. त्यानंतर होल्टर, म्हणजे अंगाला लावून ठोक्यांची सलग नोंद घेणारं यंत्र, लावलं, त्यात एएफ नाही. आता कंबर तलावावर सकाळी चालतो, दम लागत नाही. रक्त पातळ करायची गोळी मात्र चालू आहे. मेव्हणे म्हणतात, "दाजी, ठोके नीट झाले ना, मग सोडा की." ती गोळी ठोक्यांवर नाही, लकव्याच्या धोक्यावर ठरते. शुगर-बीपी दोन्ही असलेल्याला ती पुढंही लागू शकते, डॉक्टरांना न विचारता सोडू नका.

पैशाचं. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या आणि याच्या कोटेशनमधला फरक लाखांत होता, आणि त्यातला मोठा भाग एका वेळच्या कॅथेटरचा. कोटेशन मागताना कॅथेटर, भूल, आयसीयू वेगवेगळं लिहून घ्या. ज्यांचं एएफ लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं अरुंद झालेल्या झडपेमुळं आहे, त्यांनी आधी झडपेचं बघावं. वर लिहिलेल्या चाचणीतले रुग्ण तसे नव्हते.

विमा कंपनीनं प्रश्न टाकला की स्वस्त पद्धत असताना ही का निवडली. डॉक्टरांनी पत्र दिलंय, मी पाठवलंय. उत्तर आलं की याच्याखाली लिहितो.