बुसान फिरायचं कशाने? मेट्रो, सिटी बस, दोंग्हे रेल्वे की टूर बस

बुसानला निघालेले बहुतेक जण आधी मेट्रोचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घेतात. नकाशा आहेच तसा सुटसुटीत. केशरी, हिरवी, तपकिरी, निळी अशा चार लाईन, पश्चिमेला विमानतळाकडे जाणारी हलकी मेट्रो आणि पूर्वेला गिजांगकडे जाणारी दोंग्हे रेल्वे. पण गामचॉनची रंगीत वस्ती, थेजोंगदेचे कडे, समुद्राला टेकून उभं असलेलं योंगगुंगसा मंदिर यांपैकी एकाच्याही दारात मेट्रोचं स्टेशन नाही. योंगदो हे अख्खं बेट मेट्रोविना आहे. नुसत्या मेट्रोच्या भरवशावर बुसान बघायचं म्हटलं, तर किनारे होतील, बाजार होतील, आणि शहर राहून जाईल.

याचं कारण जमिनीत आहे. इथे डोंगर जवळजवळ थेट समुद्रात उतरतात. सपाट जागा म्हणजे मधल्या अरुंद पट्ट्या, आणि मेट्रो त्या पट्ट्यांखालून जाते. 1950 ते 1953 च्या युद्धात बुसान ही दक्षिण कोरियाची तात्पुरती राजधानी होती. देशभरातून निर्वासित आले, खाली जागा उरली नाही, तशी घरं उतारावर चढत गेली. त्या घरांपर्यंत पोचते ती बस.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. लांबचा पल्ला मेट्रोने मारा, शेवटचा टप्पा आणि बघण्यासारखं सगळं बसने करा, आणि टूर बसचा विचार चढउतार न झेपणारं कुणी सोबत असेल तरच करा. आता एकेकाचं खरंखोटं बघू.

मेट्रो

वेळेची हमी हवी असेल तर मेट्रोला तोड नाही. पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते, मध्यरात्रीच्या आसपास संपते. पैसे भरून वापरायच्या प्रवासी कार्डाने दहा किलोमीटरपर्यंत 1,600 वॉन, त्यापुढे 1,800. म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये. घोषणा कोरियनबरोबर इंग्रजीतही होतात आणि प्रत्येक स्टेशनला नंबर असतो. हंगुल लिपीचं एक अक्षर वाचता येत नसलं तरी माणूस हरवत नाही.

पर्यटकाला मुख्यतः दोनच लाईन लागतात. पहिली लाईन 1985 साली सुरू झाली. बुसान रेल्वे स्टेशन, नाम्पो, जागालची मासळी बाजार हे सगळं तिच्यावर आहे आणि दक्षिणेचं शेवटचं स्टेशन थेट दादेपोच्या किनाऱ्यावर. दादेपोला सूर्यास्त बघायला जा. हेउंदेच्या किनाऱ्याचं तोंड दुसरीकडे आहे, तिथे तो मिळत नाही. दुसरी, हिरवी लाईन ग्वांगाल्ली आणि हेउंदे या दोन्ही गाजलेल्या किनाऱ्यांजवळून जाते. ग्वांगान स्टेशनवरून दहा मिनिटं चाललं की समोर समुद्र आणि त्यावर ग्वांगान पूल. या दोन्ही लाईन सॉम्यॉनला मिळतात. मुंबईकरांनी दादर डोळ्यासमोर आणावं, इतकी तिथली गर्दी आणि इतकीच तिथली सोय.

तोटा एकच, पण मोठा. बहुतेक प्रवास बोगद्यातून. दोन अपवाद मला आवडतात. पहिल्या लाईनचा दोंग्नेपासून उत्तरेकडचा बराचसा भाग पुलावरून जातो, आणि तिसऱ्या लाईनची गाडी गुपोनंतर नाकदोंग नदी ओलांडते. बाकी वेळ खिडकीत आपलाच चेहरा दिसतो.

डब्यातली एक गोष्ट मात्र मुद्दाम बघण्यासारखी. गरोदर बायकांसाठी राखीव जागांजवळ गुलाबी दिवा असतो. त्या बाईंच्या पर्समध्ये छोटं उपकरण असतं. त्या जवळ आल्या की दिवा लुकलुकतो आणि बसलेला माणूस उठतो. कुणाला काही मागावं लागत नाही. पोट दिसायला लागायच्या आधीच्या महिन्यांत, जेव्हा सगळ्यात जास्त गरगरतं, तेव्हा ही सोय किती मोलाची ठरत असेल, हे कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही.

सिटी बस

साधी बस कार्डाने 1,550 वॉन. भाड्यात फरक नगण्य, अनुभवात मात्र फार. बसमध्ये पुढून चढायचं, कार्ड टॅप करायचं, मागच्या दाराने उतरताना पुन्हा टॅप करायचं. उतरतानाचा टॅप विसरू नका. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरी बस किंवा मेट्रो पकडली तर पूर्ण भाडं पुन्हा कापलं जात नाही, फार तर फरक जातो. अशी बदली दोनदा करता येते. तीच बस उलट दिशेने पकडली तर मात्र सवलत नाही.

बुसानच्या बसचालकांचा हात जोरात असतो. तुम्ही बसायच्या आत गाडी सुटते आणि वळणावर उभा माणूस दांडीला लोंबकळतो. घट्ट धरा. मोठी सुटकेस घेऊन चढू देतीलच असं नाही, तेव्हा सामान असेल त्या दिवशी मेट्रो.

आता फायदा. बुसान स्टेशनच्या वर, छोर्यांगच्या उतारावरून ‘सानबोकदोरो’ म्हणजे डोंगराच्या कमरेभोवतीचा रस्ता जातो. त्यावरून 86 नंबरची बस धावते. डावीकडे घरांचे दरवाजे, उजवीकडे घरांची छपरं. रस्ता इतक्या उतारावर आहे की खालच्या ओळीतल्या घराची गच्ची रस्त्याच्या पातळीला येते आणि लोक त्या गच्चीवर चक्क गाडी उभी करतात. गच्च्यांवर पाण्याच्या निळ्या टाक्या, वाळत घातलेली लाल मिरची, आणि त्यांच्या पलीकडे खाली बंदरातल्या क्रेन. बस एका वळणावरून दुसऱ्यावर जाते तशी क्रेनची बाजू बदलत राहते. हातगाडीवजा पिशव्या ओढत म्हाताऱ्या बायका चढतात, उतरतात. ही काही पर्यटकांची बस नाही, आणि म्हणूनच शहर कसं वसलं ते ती जितकं दाखवते तितकं संग्रहालय दाखवू शकत नाही.

गामचॉनला जायचं तर पहिल्या लाईनवर तोसॉंगला उतरा, सहा नंबरच्या दारातून बाहेर पडा आणि मोठ्या हॉस्पिटलसमोरून छोटी बस घ्या: साहा 1-1, सॉगु 2 किंवा सॉगु 2-2. तोसॉंगहून चालत जाता येतं असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. चढ खडा आहे, वरच्या गल्ल्यांमध्ये पुन्हा पायऱ्याच पायऱ्या आहेत, पाय तिथे लागणार आहेत. परतताना मात्र उतार चालायला हरकत नाही. गामचॉनमध्ये 2009 पासून भिंती रंगल्या, शिल्पं आली आणि गर्दी वाढली, पण तिथे अजून माणसं राहतात. उघड्या दारांत कॅमेरा घालू नका.

योंगदो बेटाला बसशिवाय पर्यायच नाही. नाम्पोहून 8, 30 किंवा 66 नंबर थेजोंगदेला सोडते. पूल ओलांडला की जहाजबांधणीचे कारखाने, गोदामं, मग चढाचे रस्ते, आणि शेवटी पाइनचं रान. आत ‘दानुबी’ नावाची छोटी गाडी फिरवते, तिचं तिकीट वेगळं.

एकच प्रवास, दोन वाटा

बुसान स्टेशन ते हेउंदे. मेट्रोने सॉम्यॉनला गाडी बदलून पाऊण तास, थोडं इकडेतिकडे. 1003 नंबरची एक्सप्रेस बस गाडी न बदलता नेते, भाडं थोडं जास्त. दुपारी रस्ते मोकळे असतील तर मी बस घेईन. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी तीच बस सिग्नलमागून सिग्नल मोजते, तेव्हा मेट्रो. हिवाळ्याच्या तोंडावर ग्वांगाल्लीला आतषबाजीचा महोत्सव भरतो, त्या रात्री तर बसचा विचारही करू नका.

हेउंदे ते योंगगुंगसा. 181 नंबरची बस मंदिराच्या जवळच्या थांब्यावर सोडते, तिथून थोडं चालायचं. शनिवार-रविवारी सोंगजॉंगच्या पुढे रस्ता तुंबतो आणि बस मुंगीच्या पावलाने जाते. दुसरी वाट दोंग्हे रेल्वेची. बेक्स्को स्टेशनला हिरव्या लाईनवरून रेल्वेत बदल करायचा, ओसिरियाला उतरायचं आणि तिथून लहानशी बस किंवा टॅक्सी. आठवड्यामधल्या दिवशी 181, सुट्टीच्या दिवशी रेल्वे, इतका साधा हिशेब आहे. मंदिर 1376 मधलं, आणि गर्दी टाळायची तर सकाळी लवकर गेलेलं बरं.

दोंग्हे रेल्वे आणि किनाऱ्याची गाडी, या दोघींत गफलत करू नका

हा घोळ फार जणांचा होतो, कारण दोघींचा उगम एकच आहे. 1934 साली इथे समुद्राच्या अगदी काठाने रेल्वे आली. 2013 च्या डिसेंबरात मार्ग आतल्या बाजूला हलवला. नवा दुहेरी मार्ग बोगद्यांतून जातो. त्यावर 2016 मध्ये बुजॉन ते इलग्वांग लोकल सुरू झाली आणि 2021 मध्ये ती उल्सानच्या थेह्वागांगपर्यंत वाढली. ही खरी सार्वजनिक वाहतूक. मेट्रोचंच कार्ड चालतं, बदलीची सवलत मिळते, भाडं मेट्रोच्याच घरातलं. मात्र गाड्या कमी. गर्दीची वेळ सोडली तर अर्धा अर्धा तास थांबावं लागू शकतं. आणि हिच्यावरचं शिन-हेउंदे स्टेशन समुद्रापासून बरंच आत आहे. नावावर जाऊन बॅगा घेऊन तिथे उतरलात तर किनाऱ्यापर्यंत पायपीट होईल. ‘हेउंदे’ आणि ‘शिन-हेउंदे’ ही दोन वेगळी स्टेशनं, एवढं ध्यानात ठेवा.

काठावरचे जुने रूळ मात्र उखडून टाकले नाहीत. 2020 पासून त्यांच्यावर मिपो ते सोंगजॉंग 4.8 किलोमीटर पर्यटकांची गाडी धावते. सगळ्या बाकांची तोंडं समुद्राकडे. वर, खांबांवरच्या रुळांवरून चार माणसांच्या रंगीत कॅप्सूल मिपो ते छॉंगसापो संथपणे सरकतात. दोन्हींना कार्ड चालत नाही, तिकीट वेगळं आणि मेट्रोच्या कित्येक पट. घ्यावं का? गाडी घ्यावी, एका बाजूची. मिपोहून सोंगजॉंगला जा, तिथे वाळूत बसा आणि येताना 139 किंवा 181 पकडून हेउंदेला या. कॅप्सूल फोटोंत सुंदर दिसते, पण चौघं मिळून जात नसाल तर खिशाला चाट बसते. रुळांच्या कडेने लाकडी पायवाटही आहे, फुकट, आणि छॉंगसापोपर्यंत चालायला निवांत. गुडघे ठीक असतील तर तीच सगळ्यात चांगली.

टूर बस

बुसान स्टेशनसमोरून सुटणारी टूर बस दिवसभराच्या तिकिटावर कुठेही उतरू-चढू देते. तिकीट पंधरा-वीस हजार वॉनच्या घरात, म्हणजे मेट्रोच्या दहा-बारा फेऱ्यांचे पैसे. तिचा खरा गुण एकच: लाल मार्गावरची बस ग्वांगानच्या 7.42 किलोमीटर लांबीच्या पुलावरून जाते. मेट्रोने गेलात तर तो पूल फक्त किनाऱ्यावरून, लांबून बघायला मिळतो.

पण दोन बसमधलं अंतर मोठं. एका ठिकाणी दहा मिनिटं जास्त रमलात की पुढची बस येईपर्यंत तिष्ठत बसायचं. दिवसभरात चार ठिकाणं झाली तरी पुष्कळ. आठवड्यातल्या सुट्टीचा दिवसही असतो, आदल्या दिवशी तपासूनच जा. आईवडील सोबत असतील, त्यांना जिने उतरणं-चढणं नको असेल, तर मात्र हे पैसे सत्कारणी लागतात. मेट्रोत लिफ्ट आहेत, पण लिफ्टपर्यंत जाण्यातच पाय दुखतात.

पर्यटकांसाठी जे एकत्रित पास विकतात ते प्रवेश तिकिटांचे पास असतात. त्यांचं कार्ड बसमध्ये चालतं, पण त्यात पैसे वेगळे भरावे लागतात. ‘पास घेतला म्हणजे प्रवास फुकट’ या समजुतीत राहू नका. रोजच्या फिरण्याला टी-मनी किंवा कॅशबीचं साधं कार्ड पुरतं. ते कुठल्याही किराणावजा दुकानात मिळतं आणि तिथेच भरताही येतं. भरायला रोख वॉन जवळ ठेवा. मोबाईलवर नेव्हर मॅप हे नकाशाचं अ‍ॅप घ्या, त्यात बस किती थांबे लांब आहे तेही दिसतं.

मुक्काम कुठे

हॉटेल निवडलं की वाहनाची निवड निम्मी होऊन जाते. हेउंदेला राहिलात तर पूर्वेकडचं सगळं हाताशी, पण नाम्पो, गामचॉन, थेजोंगदेसाठी रोज पाऊण तास जमिनीखालून. नाम्पोला राहिलात तर उलट, आणि बसचं जाळं दारात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सॉम्यॉन किंवा बुसान स्टेशनचा परिसर सांगेन. समुद्र खिडकीतून दिसणार नाही, पण कुठेही निघालात तरी उलटा प्रवास होत नाही. तीन दिवसांहून कमी वेळ असेल तर नाम्पोच. शहराचा जुना, चढउताराचा भाग तिथून जवळ आहे आणि तोच चुकवू नये.

जाण्याच्या दिवशी विमान संध्याकाळचं असेल तर सकाळी हिरव्या लाईनवरच्या सासांगहून विमानतळाकडे जाणारी गिम्हेची हलकी मेट्रो पकडा. तिला चालक नाही, सगळ्यात पुढच्या काचेजवळ उभं राहता येतं आणि नदी ओलांडताना समोरचे रूळ थेट पायाखाली येतात. विमानतळाच्या पुढे, त्याच लाईनवर ‘सुरो राजाची समाधी’ हे स्टेशन आहे. सुरो हा गाया या प्राचीन कोरियन राज्याचा संस्थापक मानला जातो. तेराव्या शतकातल्या कोरियन इतिहासग्रंथात अशी कथा आहे की त्याची राणी हॉ ह्वांग-ओक इ. स. 48 मध्ये ‘आयुता’ नावाच्या दूरच्या देशातून जहाजाने आली. पुष्कळ जण त्या नावाचा संबंध अयोध्येशी जोडतात. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राणीची समाधी आहे, आणि तिने जहाजातून आणला असं सांगतात तो लालसर दगडांचा मनोराही तिथेच जपला आहे. सगळं बघून परत त्याच लाईनने विमानतळावर उतरायचं. सामान आदल्या स्टेशनवर किंवा विमानतळावर ठेवायची सोय आधी बघून ठेवा, कारण समाधीपर्यंतचा रस्ता चाकांच्या बॅगेसाठी सोयीचा नाही.