रंगाखाली लपवलेला बॉयलर : जुने वाफेचे इंजिन विकत घेताना झालेली माझी फसवणूक

जुनी, वापरलेली वाफेची छोटी इंजिने विकत घ्यायची, त्यांचा प्रत्येक भाग सुटा करून स्वच्छ करायचा, झिजलेले भाग नव्याने घडवायचे आणि इंजिन पुन्हा स्वतःच्या वाफेवर चालवायचे, हा छंद मी गेली अकरा वर्षे जोपासत आहे. एवढ्या वर्षांच्या सरावानंतरही मी फसलो. ज्या खुणांवरून हे आधीच ओळखता आले असते त्या सर्व माझ्या डोळ्यांसमोर होत्या. या प्रकारात केवळ पैसे गेले असते तर मी कदाचित गप्प राहिलो असतो. परंतु मला विकलेली वस्तू धोकादायक होती आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होते असे मानण्यास सबळ कारण आहे, म्हणून जे घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

माझी सुरुवात बहुतेकांसारखीच मॅमॉड आणि विलेस्को या खेळण्यांच्या वर्गातील इंजिनांपासून झाली. त्यांचे बॉयलर पितळी असतात आणि कामाचा दाब कमी असतो. विलेस्कोची सुरक्षा झडप साधारण दीड बारला (बार हे दाबाचे एकक) उघडते. त्या दाबाला पाण्याचे तापमान १२७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि कथील-शिशाचे नेहमीचे सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे बॉयलरमध्ये पाणी आहे तोवर साध्या सोल्डरचे सांधेही टिकून राहतात. पुढे मला खऱ्या यंत्रासारखे, बिडाच्या ओतीव भागांपासून बनवलेले इंजिन हवेसे वाटू लागले. ब्रिटनच्या स्टुअर्ट कंपनीचे ‘१०व्ही’ हे उभ्या सिलिंडरचे इंजिन या छंदातील अनेकांच्या परिचयाचे आहे. त्याचा सिलिंडर पाऊण इंच व्यासाचा असून दट्ट्याची धावही पाऊण इंचच आहे. हे इंजिन तांब्याच्या बॉयलरसह लाकडी फळीवर बसवलेले मिळत असल्याची जाहिरात मी एका संकेतस्थळावर पाहिली आणि तेथून या प्रकरणाला सुरुवात झाली.

जाहिरातीत लिहिले होते की बॉयलर संपूर्ण तांब्याचा असून सर्व सांधे सिल्व्हर सोल्डरचे, म्हणजे साध्या सोल्डरपेक्षा बरेच मजबूत आणि उष्णता सोसणाऱ्या चांदीमिश्रित जोडाचे आहेत, कामाचा दाब चार बार आहे आणि त्याच्या दुप्पट दाबाला पाण्याने चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र सोबत मिळेल. प्रमाणपत्राचे स्वच्छ छायाचित्र होते आणि इंजिन चालत असल्याची चित्रफीतही होती. फ्लायव्हील अगदी संथ, एकसारखे फिरत होते. बॉयलरला गडद लाकडी पट्ट्यांचे आवरण होते, त्यावर पितळी पट्टे चमकत होते आणि दोन्ही टोकांना ताजा काळा रंग होता. विकणारी व्यक्ती फोनवर अतिशय सौजन्याने बोलली. इंजिन तिच्या दिवंगत काकांचे होते, घरात ते चालवणारे कोणी उरले नव्हते आणि ते जाणकाराच्या हाती जावे एवढीच तिची इच्छा होती. मी बॉयलरविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही निर्धास्त राहा, काकांनी सगळं तपासून ठेवलंय. मुलांसमोरसुद्धा चालवा.” नंतर आणखी एक जण त्याच दिवशी पैसे देण्यास तयार असल्याचे तिने सांगितले आणि मी संकेतस्थळाच्या व्यवस्थेबाहेर, थेट तिच्या खात्यात पूर्ण रक्कम भरली. ही माझी पहिली चूक होती आणि सर्वांत महाग पडलेलीही हीच.

दुसरी चूक मी ती चित्रफीत पाहताना केली. इंजिन हातात आल्यानंतर मी ती पुन्हा पाहिली, तेव्हा तिच्यात जे नव्हते ते दिसू लागले. थंड इंजिनात वाफ सोडली की ती आधी सिलिंडरच्या थंड भिंतींवर पाणी होते, त्यामुळे सुरुवातीचे काही फेरे इंजिन अडखळते आणि निकासाच्या नळीतून गरम पाण्याचे थेंब व तेलकट फवारा उडतो. वाफेचे इंजिन एकदा जरी चालवले असेल तरी हे दृश्य विसरता येत नाही. या चित्रफितीत एकही थेंब नव्हता, वाफेचा पुसटसा ढगही नव्हता. दिव्याची ज्योत दिसत नव्हती, दाबमापकाचा काटा चौकटीबाहेर ठेवला होता आणि कॅमेरा एकदाही फळीच्या मागच्या बाजूस गेला नव्हता. ते इंजिन वाफेवर चालतच नव्हते, मागून जोडलेल्या कॉम्प्रेसरच्या हवेवर चालत होते.

हवेवर इंजिन चालवणे हा स्वतःहून गुन्हा नाही. दुरुस्ती झाल्यावर झडपेची वेळ साधण्यासाठी आम्ही सगळेच ते करतो. पण अशा चित्रफितीवरून बॉयलरविषयी काहीही कळत नाही आणि इंजिनाविषयीही फारसे कळत नाही, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्रेसर लागेल तेवढी हवा पुरवत राहतो. दट्ट्या सैल असो, सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या सरकझडपेचा पृष्ठभाग खराब असो, निम्मी हवा गळून जात असली तरी फ्लायव्हील डौलाने फिरत राहते. तेच इंजिन छोट्या बॉयलरला जोडले की वाफ पुरत नाही आणि ते धापा टाकत थांबते. माझ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये उभे ओरखडे होते आणि ते झाकण्यासाठी जाड तेल भरपूर ओतलेले होते. फळीवर इंजिन धरणाऱ्या बीए (स्क्रूंचे जुने ब्रिटिश प्रमाण) मापाच्या छिद्रांत मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने पिळलेले होते. दोन क्रमांकाचा बीए स्क्रू ४.७ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या छिद्रात ५ मिलिमीटरचा स्क्रू घातला की तो आत शिरतो खरा, पण जुने आटे कापतच शिरतो. एवढ्यावर थांबले असते तर मी याला निष्काळजी दुरुस्ती म्हटले असते, कारण ओरखडे घासून काढता येतात आणि आटेही नव्याने पाडता येतात.

बॉयलरचे तसे नव्हते. कोणताही जुना बॉयलर पाण्याच्या थंड चाचणीशिवाय पेटवायचा नाही, हा नियम मी पहिल्या इंजिनापासून पाळत आलो आहे आणि याच एका सवयीने मला वाचवले. या चाचणीत बॉयलर पाण्याने काठोकाठ भरतात, आत हवा राहू देत नाहीत आणि हातपंपाने हळूहळू दाब चढवतात. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर थोडे पाणी बाहेर येते आणि दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा किंवा वाफ मात्र साठवलेली सगळी शक्ती एका क्षणात बाहेर टाकते, म्हणून ही चाचणी हवेने कधीही करू नये. दाब सव्वा बारला पोहोचला तोच मागच्या झाकणावरील काळ्या रंगाला फुगवटा आला. दीड बारला तो फुटला आणि पाण्याची बारीक धार थेट माझ्या बाहीवर आली.

मी रंग खरवडला. खाली राखाडी, कडक एपॉक्सीचा, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या रासायनिक गोंदाचा जाड थर होता. तो कानशीने एकसारखा करून, कडांना गोलाई देऊन, सांधा सिल्व्हर सोल्डरचाच वाटावा अशा कौशल्याने घडवलेला होता. त्याखाली झाकण आणि नळकांडे यांच्यामधला सांधा जवळपास एक तृतीयांश परिघभर उघडा होता आणि उरलेला भाग साध्या सोल्डरचा होता, कारण चाकूच्या टोकाने तो सहज कापला गेला. तपासणीचा छोटा कॅमेरा पाणी भरण्याच्या छिद्रातून आत सोडला तेव्हा तळाशी सोल्डरचे ओघळ थिजलेले दिसले. हा बॉयलर पूर्वी कधीतरी पाणी संपूनही पेटत राहिला असावा आणि सोल्डर वितळून खाली आले असावे, असा माझा निष्कर्ष आहे. त्यानंतर कोणीतरी तो दुरुस्त करण्याऐवजी झाकला.

चार बारला पाणी १५२ अंशांच्या आसपास उकळते. घरगुती वापराचे एपॉक्सी त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडते, हे मी खरवडलेला तुकडा उकळत्या पाण्यात टाकून पाहिले आणि तो चिमट्याने वाकला. म्हणजे थंड असताना जो सांधा दीड बारलाच फुटला होता, तो गरम असताना त्याहूनही आधी सुटला असता. दाब एकदम उतरला की आतल्या अतितप्त पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होतो आणि वातावरणाच्या दाबाला वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे सोळाशे पट असते. सुरक्षा झडप उघडून पाहिली तर स्प्रिंगखाली एक जादा वॉशर घातलेला होता, ज्यामुळे स्प्रिंग पूर्ण दाबली गेली होती आणि आतली गोळी उचललीच जाणार नव्हती. हे इंजिन मी माझ्या दहा वर्षांच्या भाचीसमोर पहिल्यांदा पेटवणार होतो. तिला वाफ कशी काम करते ते जवळून पाहायचे होते, आणि जवळून म्हणजे त्या मागच्या झाकणापासून हातभर अंतरावरून. “मुलांसमोरसुद्धा चालवा” हे वाक्य मला अजून आठवते आणि त्याबद्दल मी त्या व्यक्तीला क्षमा करू शकलेलो नाही.

प्रमाणपत्राचा उलगडा लाकडी पट्ट्या काढल्यावर झाला. तपासलेल्या बॉयलरवर क्रमांक ठोकलेला असतो आणि तोच क्रमांक प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो. या बॉयलरवरचा क्रमांक वेगळा होता. प्रमाणपत्रातील लांबी माझ्या मापापेक्षा वीस मिलिमीटरने जास्त होती. कागद बहुधा खराच होता, पण तो दुसऱ्याच कोणत्यातरी बॉयलरचा होता. क्रमांकाचे छायाचित्र मी आधी मागितले असते तर पट्ट्या काढाव्या लागल्या असत्या आणि व्यवहार तेथेच थांबला असता.

मी सर्व छायाचित्रांसह त्या व्यक्तीला कळवले. पहिले उत्तर आले की पेटवलेच नाही तर बॉयलर गळतो असे मी कसे म्हणू शकतो. दुसरे उत्तर असे की वाहतुकीत धक्का बसला असेल. धक्क्याने एपॉक्सीचा थर आणि त्यावर रंगाचे दोन हात कसे चढतात, या माझ्या प्रश्नाला उत्तर आले नाही आणि त्यानंतर फोनही लागला नाही. रक्कम संकेतस्थळाच्या व्यवस्थेबाहेर भरल्यामुळे तेथील तक्रारीचाही उपयोग झाला नाही. मी पोलिसांकडे लेखी तक्रार दिली असून सर्व संदेश, चित्रफीत आणि प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. हे सर्व पहिल्या दिवसापासून जपून ठेवले होते, एवढीच एक गोष्ट मी नीट केली.

आता मी विकणाऱ्याकडे एकच सलग चित्रफीत मागतो. तिच्यात दिवा पेटवताना दिसला पाहिजे, दाबमापकाचा काटा शून्यावरून चढताना दिसला पाहिजे, सुरक्षा झडप स्वतःहून उघडताना दिसली पाहिजे आणि निकासातून पहिले पाणी उडताना दिसले पाहिजे. बॉयलरवरील क्रमांक आणि प्रमाणपत्र एकाच छायाचित्रात मागतो, आवरण काढावे लागले तरी. ताज्या रंगाच्या बॉयलरपेक्षा मळलेला, उघडा, डागाळलेला बॉयलर मला आता अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्याचे सांधे दिसतात. पितळी बॉयलर असेल तर तांबूस-गुलाबी डाग शोधतो. पितळातील जस्त निघून गेल्याची ती खूण असते आणि तेथे पत्रा सच्छिद्र व ठिसूळ झालेला असतो. या प्रश्नांना कंटाळणारा विक्रेता मी सोडून देतो. खरोखर इंजिन चालवणारा माणूस कंटाळत नाही, उलट तो पंधरा मिनिटे अधिक बोलतो. जुन्या इंजिनांच्या पॅकिंगमध्ये आणि आवरणाखाली ॲस्बेस्टॉस असू शकते, हेही येथे नोंदवतो. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते, म्हणून ते कोरडे खरवडू नये.

रंग देण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः प्रत्येक इंजिन रंगवतो, फळीच्या भेगाही भरतो. मात्र काय बदलले, कोणता भाग नवा घडवला, कोणता सांधा पुन्हा जोडला, याची यादी मी इंजिनासोबत ठेवतो आणि इंजिन दुसऱ्याकडे गेले तर ती यादीही जाते. अनेकांनी मला तो बॉयलर ‘शोभेसाठी’ म्हणून विकून थोडे पैसे परत मिळवण्यास सुचवले. शोभेसाठी म्हणून विकलेला बॉयलर पुढच्या हाती पुन्हा रंगवला जातो आणि त्याच्या पुढच्या हाती पेटवला जातो, म्हणून मी तो करवतीने लांबीत मधोमध कापला. इंजिनाचा सिलिंडर घासून घेतला, नवा दट्ट्या बसवला आणि छिद्रे बुजवून मूळ मापाचे आटे पाडले. नवा तांब्याचा बॉयलर एका अनुभवी कारागिराकडून बनवून घेतला असून तो माझ्या डोळ्यांदेखत आठ बारला अर्धा तास टिकला. त्याच्यावर क्रमांक ठोकून झाल्यावरच मी भाचीला बोलावले.