इंदूरच्या बायपासवरचं असिस्टेड लिव्हिंग : दिवसाचे मार्क वेगळे, रात्रीचे वेगळे

आत्याला बायपासजवळच्या एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये ठेवून आता वर्ष होऊन गेलं. आपल्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये हल्ली कुठेही चहाला बसा, हाच विषय निघतो, मुलं पुणे नाहीतर बेंगलोर नाहीतर अमेरिका आणि मागे राजेंद्र नगर नाहीतर लोकमान्य नगरला कठडा धरधरून जिना चढणारी दोन माणसं. सगळ्यांना फोनवर तेच तेच सांगून झालं म्हणून एकदा लिहूनच टाकते. जागेचं नाव देत नाहीये, बाकी सगळं देते.

आधी निकाल सांगते. दिवसा ही जागा पाचपैकी साडेचार. रात्री अडीच. आणि खरं बघितलं तर आपण पैसे मोजतो ते मुख्यतः रात्रीसाठीच, कारण दिवसा घरी कोणी ना कोणी असतंच, शेजारी असतात, बाई असते. पण जागा बघायला सगळे जातात रविवारी सकाळी अकराला, लॉबीत फुलं ताजी, आजी-आजोबा आंघोळ करून कॅरम खेळतायत, मॅनेजर मॅडम स्वतः फिरवून दाखवतात, आणि आपण खूश होऊन ॲडव्हान्स देऊन येतो.

आत्या ८१ ची, शाळेतून रिटायर, लग्न केलं नाही, पेन्शन आहे. स्ट्रोक नंतर डावा हात आणि डावा पाय कमजोर राहिला पण डोकं एकदम ठणठणीत, शब्दकोडं पेनाने सोडवते आणि चुकलं तर कोड्यालाच नावं ठेवते. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ब्यूरोची (घरी पेशंट सांभाळायला बाया पुरवतात ती एजन्सी) बाई ठेवून बघितली, दिवसाची एक आणि रात्रीची एक, त्यातली एक चांगली निघाली की दुसरी गावाला लग्नाला जायची ती यायचीच नाही, मग मी ऑफिस सोडून धावायचं. दादा पुण्याला, तो तिथून ब्यूरोवाल्याला फोन करून ओरडायचा, त्याचा काय उपयोग.

तर हे वृद्धाश्रम नाही आणि नर्सिंग होमही नाही. एकीकडे ते सीनियर लिव्हिंगचे फ्लॅट असतात, विकत घ्या, हिंडते-फिरते असाल तर राहा. दुसरीकडे नळी-ऑक्सिजनवाल्या पेशंटची जागा. हे मधलं. माणूस शुद्धीत आहे, बसतो, बोलतो, पण कोणाचा तरी हात लागतो. किती हात लागतो ते बघायला ॲडमिशनच्या वेळी एक फॉर्म भरून घेतात, सहा कामं असतात त्यात, आंघोळ, कपडे घालणं, संडास-बाथरूमला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा, आणि जेवण. प्रत्येकापुढे स्वतः करतात की मदत लागते एवढंच. डॉक्टर लोक याला काट्झ इंडेक्स म्हणतात, १९६३ पासून चालू आहे, चांगली गोष्ट आहे. पण इथे त्याच्यावरून केअर लेव्हल ठरते आणि लेव्हलवरून बिल. आत्याला पावसाळ्यात ताप आला, आठवडाभर सगळ्याला मदत लागली, लेव्हल लगेच वर. ताप उतरला, आत्या परत स्वतःच्या हाताने जेवायला लागली, लेव्हल काही खाली येईना. मी बिल हातात घेऊन विचारलं तेव्हा "अरे हां मॅडम, रिव्ह्यू रह गया" म्हणे. वर चढवायचा रिव्ह्यू नाही राहत बरं का कधी.

आता चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच पुष्कळ आहे. दिवसाच्या अटेंडंट दीदी ट्रेनिंग घेतलेल्या आहेत. एक झाबुआकडची मुलगी आहे, जेमतेम बावीसची असेल, ती आत्याला पलंगावरून उठवते ते मी उभी राहून बघितलंय. बगलेत हात घालून ओढत नाही (आम्ही घरी सगळे तेच करायचो, आत्याचा डावा खांदा त्यानेच दुखायचा), कमरेला रुंद पट्टा बांधते, चांगल्या बाजूला म्हणजे उजवीकडे खुर्ची लावते, ब्रेक लावलाय का ते पायाने दाबून बघते आणि मग म्हणते "माँजी, पहले थोड़ा आगे खिसको, पाँव ज़मीन पे, नाक घुटने के आगे, अब तीन पे उठना है". आणि तीन म्हटलं की आत्या उठते, स्वतः उठते. फिजिओ आठवड्यातून तीनदा येतो, पण मला वाटतं निम्मं काम या दीदीचंच आहे. घरी होती तेव्हा आत्या दिवसभर पलंगावर असायची, इथे दिवसभर खुर्चीत असते आणि संध्याकाळी वॉकर घेऊन कॉरिडॉरचे फेरे मारते. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी पैसे दिले असते.

सोबत पण आहे. मराठी माणसं बरीच आहेत, एक ग्वाल्हेरच्या काकू आहेत त्यांच्याशी आत्याची रोज भांडणं होतात, होळकर मोठे की शिंदे मोठे, दोघी एकदम फॉर्मात. गणपती बसतो, आरती मराठी-हिंदी दोन्ही, गुढी उभारतात, रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, टीव्हीवर लावून सगळ्यांच्या कपाळाला गुलाल. पूर्वी आत्या सानंदचं (इथली मराठी नाटकं आणणारी संस्था) एक नाटक सोडायची नाही, आता ते नाही जमत, गाडी नेतात पण रात्री उशीर होतो म्हणून परवानगी नाही. नोव्हेंबरमध्ये पेन्शनचं जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला, ऑफिसच्या मुलाने मोबाईलवर चेहरा दाखवून तिथेच काढून दिलं, बँकेत व्हीलचेअर न्यायचा प्रश्न मिटला.

जेवण ठीक. नाश्ता मस्त, इंदूर आहे, पोहे कसे वाईट होतील, बीपीवाल्यांना सेव आणि जीरावन (पोह्यांवरचा मसाला) न घालता देतात आणि ते बिचारे दुसऱ्याच्या प्लेटकडे बघत खातात. वरण-भात हवा असेल तर सांगायला लागतं नाहीतर रोज दाल तडका. उपासाची साबुदाणा खिचडी सराफ्यातल्या खाऊगल्लीसारखी, वर मिक्सचर आणि लिंबू, आत्याचं म्हणणं ही खिचडी नाही ही चाट आहे. मी घरून दाण्याचं कूट नेऊन ठेवलंय.

पण जेवणाची वेळ बघा. रात्रीचं जेवण सात वाजता, सकाळचा नाश्ता साडेआठ. मध्ये साडेतेरा तास. ज्यांना शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांच्यासाठी हे बरोबर नाही, पहाटे शुगर खाली जाऊ शकते, आणि म्हाताऱ्या माणसाची शुगर पडली की घाम-थरथर दरवेळी दिसतेच असं नाही, कधी नुसती बडबड करतात, गोंधळतात, आणि नाइटवाल्यांना वाटतं नेहमीचंच आहे. झोपताना दूध-बिस्किट मिळतं पण मागावं लागतं. जे मागत नाहीत त्यांना मिळत नाही. आम्ही फाइलवर लिहून घेतलं आता, साडेनऊला दूध.

मी एकदा गेस्ट रूम घेऊन रात्री राहिले. म्हणजे राहायचंच होतं, आत्याने सांगितलं होतं की रात्री बेल वाजवली तर कोणी लवकर येत नाही, आणि आत्या उगाच तक्रार करणाऱ्यातली नाही. दोन मजल्यांना मिळून एक सिस्टर आणि दोन अटेंडंट. दिवसा हेच किती असतात, एका मजल्यावर पाच-सहा. बेल दाबली की खोलीच्या दारावर लाल दिवा लागतो आणि सिस्टरच्या टेबलावर टीं-टीं वाजतं. रात्री दोनच्या सुमारास समोरच्या खोलीचा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला, मी कॉरिडॉरमध्ये आले तर सिस्टर वरच्या मजल्यावर कोणाची तरी चादर बदलत होती, एक अटेंडंट तिच्याबरोबर, दुसरी सोफ्यावर झोपलेली, मोबाईल चार्जिंगला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. त्या पोरीला दोष देत नाही, बारा तासांची ड्यूटी आहे आणि ती महिनाभर रात्रीच करतेय. माणसंच कमी ठेवलीयेत.

आता दहा-बारा मिनिटांनी काय होतं? होतं हे की आजी वाट बघून स्वतःच उठते. म्हाताऱ्या माणसाचं झोपेतून एकदम उभं राहिलं की बीपी खाली येतं, चक्कर येते, वर बीपीची गोळी, वर लघवीची घाई. खुब्याचं हाड असंच मोडतं. आणि आत्याचं तर स्ट्रोकचं, परत काही झालं तर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तो वेळ लक्षण दिसल्यापासून नाही, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून मोजतात. रात्री दहाला बघितलं आणि डायरेक्ट सकाळी सहाला बघितलं तर ते इंजेक्शन बहुतेक गेलंच की हातातून. म्हणून मी लेखी मागितलं की रात्री दोनदा तरी आत जाऊन बघायचं. देतो म्हणाले, दिलं, आणि सध्या होतंय असं आत्या म्हणते. गाडी त्यांची आहे पण ती ॲम्ब्युलन्स नाही, साधी व्हॅन आहे, रात्री ड्रायव्हर नसतो, १०८ लाच फोन करायचा. कोणतं हॉस्पिटल ते आधीच फाइलवर लिहून ठेवा, रात्री तीनला ते ठरवत बसू नका.

एक युक्ती सांगते. बाजूच्या खोलीत एक आजोबा आहेत, अंथरुणाला खिळलेले, त्यांना बेडसोअर (पडून पडून होणाऱ्या जखमा) होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. त्याचा चार्ट पलंगाला टांगलेला असतो. मी बघितला. दहा, बारा, दोन, चार, सहा, सगळं एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. असा चार्ट सकाळी चहाबरोबर भरलेला असतो. खरा भरलेला चार्ट घाणेरडा दिसतो, दहा वाजून पंचवीस, मग बारा चाळीस, पेन वेगळं, मध्ये कुठे पाणी सांडलेलं. जागा बघायला जाल तेव्हा कोणाचाही एखादा असा कागद बघायला मागा, नाव झाकून दाखवा म्हणा.

बाथरूम. अँटी-स्किड टाइल्स, कमोड उंच, शॉवरखाली बसायची खुर्ची, दार बाहेर उघडणारं (हे महत्त्वाचं, माणूस आत दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार उघडतच नाही). सगळं मस्त, आणि पकडायचा दांडा कमोडच्या डाव्या हाताला. आत्याचा डावा हात चालत नाही. उजवीकडे दांडा बसवायला किती फोन केले, दोन भोकं पाडायची होती भिंतीत, कारण काय तर मेंटेनन्सवाला भैया सुट्टीवर. शेवटी दादाने पुण्याहून मेल टाकली तेव्हा बसला. या लोकांना फोन नाही लागत, मेल लागते.

पैशांचं. आमचं महिन्याचं सगळं धरून पन्नास हजाराच्या थोडं वर जातं. डायपर, औषधं, फिजिओ, हॉस्पिटलला सोबत कोणी आलं तर त्याचे तासाचे पैसे, सगळं त्यातच पण वेगळं लावलेलं, आणि बिलावर १८ टक्के जीएसटी. धर्मादाय म्हणून इन्कम टॅक्सकडे रजिस्टर असलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीच्या पुढच्या माणसाला महिन्याला २५,००० पर्यंतच्या फीवर जीएसटी नाही, म्हणून कोटेशन बघताना टॅक्ससकट बघा. आणि लोकांचा एक गैरसमज असतो की मेडिक्लेम आहे ना. मेडिक्लेम हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावरचा खर्च देतो, ही महिन्याची फी त्यात बसत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचं, तेही ॲडमिट झाल्यावरच. काढून ठेवा, पण इथल्या हिशोबात धरू नका.

ॲग्रीमेंट पूर्ण वाचा. आमच्यात दोन कलमं खटकली. एक, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असाल त्या दिवसांची पण पूर्ण फी. दुसरं, "रेसिडेंटची गरज आमच्या क्षमतेबाहेर गेल्यास" पंधरा दिवसांत न्यायचं. क्षमता म्हणजे काय ते लिहिलेलंच नव्हतं. आम्ही लिहून घेतलं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी चालेल, नाकातली नळी चालणार नाही, आणि पंधराचे तीस दिवस केले. खरं तर ज्यांना संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायला होतं, बाहेर जायचंय म्हणून दार ठोकतात, तसा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असेल तर या जागेत ठेवूच नका, ती वेळ आणि यांची शिफ्ट बदलायची वेळ एकच आहे. सरकारची एल्डरलाइन आहे १४५६७, चांगली आहे, मी एकदा माहितीसाठी फोन केला होता, पण ती सुद्धा सकाळी आठ ते रात्री आठ. रात्री सगळ्यांनाच सुट्टी.

मग आत्याला काढलं का तिथून? नाही. आत्याच नको म्हणते. तिचं म्हणणं रात्र कशीही निघते, घरी दिवस निघत नव्हता. आम्ही तिच्या पलंगाजवळ उजव्या हाताला एक बारीक लाइट लावून दिलाय आणि रात्रीपुरता कमोड-चेअर खोलीतच ठेवलाय, ते तिला आवडत नाही पण वापरते. मॅनेजमेंटला लिहिलंय की रात्री प्रत्येक मजल्यावर एक सिस्टर द्या, हवं तर फी थोडी वाढवा, बाकीच्या फॅमिलीजच्या पण सह्या घेतल्यात, ग्वाल्हेरच्या काकूंच्या मुलाने तर सिंगापूरहून पाठवली. उत्तर आलं नाहीये अजून.

तुम्ही बघायला जाणार असाल तर गेस्ट रूम मागा. दोनच आहेत, शनिवार-रविवार भरलेल्या असतात, मधल्या वारी मिळतात, जेवणासकट पंधराशे घेतात. जेवण सातला आहे हे लक्षात ठेवा, बरोबर काहीतरी खायला न्या.