आठ महिने वायरलेस कॉलर माइक: बाकी ठीक, पण तो हिरवा दिवा!

माइकच्या रिसीव्हरची (फोनला लावायच्या तुकड्याची) टाइप-सी पिन सातव्या महिन्यात डुगडुगायला लागली आणि आठव्यात गेली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एका ओळीचं: "फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही." सुटा रिसीव्हर मिळत नाही, पूर्ण सेट घ्या. म्हणजे नखाएवढी पिन सैल झाली म्हणून दोन धडधाकट ट्रान्समीटर आणि चार्जिंगची डबी अडगळीत टाकायची. हे लिहिणं त्या चिडीतून आलंय, तेवढं धरून वाचावं.

वापर असा: पिशव्या शिवण्याच्या छोट्या व्यवसायाचे उभे व्हिडिओ, आठवड्याला दोन-तीन, सगळे फोनवर. माइक नेहमीच्या जातीचा. 2.4 गीगाहर्ट्झ, दोन ट्रान्समीटर (कपड्याला लावायचे माइक), फोनच्या बुडाशी खोचायचा रिसीव्हर आणि त्यावर हिरवा दिवा, नॉइज रिडक्शनचं (आजूबाजूचा गोंगाट कमी करायचं) बटण. बाकी स्पेसिफिकेशन खोक्यावर असतातच.

माइक घेताना कारण 'आवाज नीट यावा' एवढंच असतं. वापरात कळतं की प्रश्न आवाजाचा कमी आणि भिडेचा जास्त आहे. कॅमेऱ्यासमोर अवघडण्यातला एक भाग अगदी शारीरिक आहे. बोलताना स्वतःचा आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो, म्हणून तो भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा नसतो, त्यामुळे आवाज पातळ आणि परका लागतो. चेहऱ्याचंही तेच. रोज दिसतो तो आरशातला, उलटा. 1977 साली मिता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशासारखा उलटवलेला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रांना सरळ छापलेला. ग्राहक त्या मित्रांच्या बाजूला असतो, त्याला काहीच विचित्र दिसत नाही. फोनच्या मूळ माइकने रेकॉर्डिंगमध्ये खोलीचा घुमारा मिसळला की मात्र तो परका आवाज आणखी केविलवाणा होतो. कॉलर माइकने हा घुमारा पहिल्याच दिवशी गेला. त्या दिवसाचे पाचपैकी पाच गुण.

भिडेचा दुसरा भाग म्हणजे वाया जाणारे टेक, रेकॉर्डिंगचे प्रयत्न. चाळीस सेकंदांचं बोलणं मनासारखं जमलं आणि नंतर कळलं की आवाजच आलेला नाही, की दुसऱ्या टेकला तोंड आंबट होतं आणि तिसऱ्याला वाक्यं पाठ म्हटल्यासारखी येतात. इथेच तो हिरवा दिवा येतो.

दिवा हिरवा असला की सगळं चालू, असं वाटतं. प्रत्यक्षात तो एवढंच सांगतो की ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना सापडलेत. फोन रिसीव्हरकडून आवाज घेतोय की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. काही फोनमध्ये ओटीजी (बाहेरचं उपकरण फोनला जोडू देणारी सोय) सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि वापर नसला तर ते दहा मिनिटांनी आपसूक बंद होतं. मधल्या वेळात मेज आवरलं, कापड बदललं, परत उभं राहिलं, दिवा हिरवाच. फोन मात्र आता स्वतःच्या माइकने दोन मीटरवरचं बोलणं गोळा करतोय. काही फोनचं मूळ कॅमेरा अॅप तर बाहेरच्या माइकला विचारतच नाही.

एवढ्याशा दिव्यावर इतकं का? मागच्या कॅमेऱ्याने शूट करताना स्क्रीन पलीकडे असते, म्हणून. मागचा कॅमेरा बहुतेक फोनमध्ये जास्त चांगला असतो, शिवाय पुढच्या कॅमेऱ्यात नजर लेन्सऐवजी स्वतःच्या चेहऱ्याकडे जाते आणि पाहणाऱ्याला ती खाली झुकलेली दिसते. तेव्हा मागचाच वापरायचा. मग बोलणाऱ्याला समोरून दिसणारी एकमेव खूण म्हणजे रिसीव्हरचा दिवा. तोच अर्धसत्य सांगणार असेल तर भरवसा कशावर ठेवायचा?

आता पिनेकडे. टेक तपासायचा तर ऐकून पाहावा लागतो. रिसीव्हर खोचलेला असला की बऱ्याच फोनना तो हेडफोन वाटतो आणि स्पीकरमधून आवाज येत नाही. म्हणजे प्रत्येक तपासणीला रिसीव्हर काढा, ऐका, परत खोचा. एका व्हिडिओला दहा-बारा वेळा. त्यात फोनचं कव्हर जाड असेल तर पिन पूर्ण आत बसत नाही आणि अर्ध्या पकडीवर लोंबकळते. ट्रायपॉड उचलताना धक्का लागला की तरफेसारखा सगळा जोर पिनेच्या मुळाशी. तर पिन तुटली ती हिरव्या दिव्यामुळे, असं या परीक्षणाचं ठाम मत आहे. सर्व्हिस सेंटरला ते पटलं नाही.

उपाय सापडला, पण उशिरा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप फुकट आहे, त्यात आवाजाचा स्रोत निवडता येतो आणि पातळीचा मीटर स्क्रीनवर दिसतो. ओपन कॅमेरा हे अँड्रॉइडचं फुकट अॅपही चालतं, त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ऑडिओ सोर्स म्हणून बाहेरचा माइक निवडायचा. मग चाचणी: माइक कॉलरला लावा आणि त्याच्या जाळीवर नख हलकं घासा. मीटरची पट्टी टुणकन उडाली पाहिजे. आता फोनच्या बुडाशी बोटाने टकटक करा. या वेळी ती जवळजवळ हलता कामा नये. उलटं झालं, म्हणजे नख घासल्यावर ढिम्म आणि टकटकीला उडी, तर फोन स्वतःचाच माइक वापरतोय. ओटीजी पाहा, अॅप पूर्ण बंद करून उघडा, रिसीव्हर एकदा काढून घाला. मीटर नसलेलं अॅप असेल तर पाच सेकंद रेकॉर्ड करून तीच खरखर-टकटक ऐकायची, दिवसाच्या सुरुवातीला एकदा आणि दहा मिनिटांवर खंड पडला तर पुन्हा. ही सवय लागल्यापासून आवाजापायी टेक वाया गेलेला नाही, आणि दुसऱ्या टेकला चेहरा पडणंही थांबलं.

नॉइज रिडक्शनबद्दलचं मत पूर्ण फिरवावं लागतंय. पहिल्या महिन्यात ते बटण म्हणजे जादू वाटली होती: पंखा गायब, रस्ता गायब. तिसऱ्या महिन्यात जुने व्हिडिओ हेडफोन लावून ऐकले तर 'शिलाई' हा शब्द 'इलाई' ऐकू येत होता. कारण उघड आहे. स, श, फ ही अक्षरं म्हणजे हवेची फुसफुस, आणि मशीनच्या लेखी फुसफुस म्हणजे गोंगाट. शिलाई मशीनचा आवाज तर पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि शिवणाच्या व्हिडिओत तो आवाज म्हणजे निम्मा मजा. म्हणून आता बटण बंद. पंखा बंद करायचा, खोलीत एक जाड कापड टांगायचं, काम होतं. भर रस्त्यात बोलायचं असेल तेवढंच ते चालू करावं. बटण ट्रान्समीटरच्या अंगावर, बोट लागेल तिथेच आहे, कपड्याला लावताना नकळत दाबलं जातं. यालाही एक गुण कमी.

माइक कुठे लावायचा? हनुवटीखाली साधारण एक वीत, म्हणजे वीसेक सेंटिमीटर. अगदी गळ्याशी लावला तर हनुवटीच्या आडोशाने आवाज दबतो. सुटे केस आणि गळ्यातली साखळी घासली की जी खसखस येते ती नंतर निघत नाही. काम करत बोलणाऱ्यांसाठी एक खास गोची आहे: मशीनवर वाकलं की तोंड माइकच्या जवळ येतं. वीस सेंटिमीटरचे दहा झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. सरळ उभं राहून पातळी बरोबर लावलेली असते आणि वाकल्यावर आवाज फाटतो. म्हणून पातळी वाकूनच लावायची, आणि मोठ्यात मोठा आवाज मीटरवर -12 ते -6 डेसिबलच्या मध्ये ठेवायचा; 0 म्हणजे मीटरचं वरचं टोक. 0 ला आपटून फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

रेंजचे आकडे विसरा. ते मोकळ्या मैदानातले असतात. 2.4 गीगाहर्ट्झला शरीरातलं पाणी आवडत नाही, फोनकडे पाठ केली की आवाज तुटतो. वायफायचा राउटरही त्याच पट्ट्यात असू शकतो. फोन दोन-तीन मीटरवर आणि मध्ये कुणी नाही, एवढं पुरतं.

आता ज्यांनी माइक आणून तसाच ठेवलाय त्यांच्यासाठी. तोंड दाखवून बोलण्यापासून सुरुवात करू नका. पहिले चार व्हिडिओ फक्त हातांचे आणि कामाच्या आवाजाचे. पिशवीला चेन लावण्याचे तीस सेकंद घ्या. ट्रान्समीटर कॉलरला न लावता मशीनच्या शेजारी, सुईपासून एका हातावर, घडी केलेल्या कापडावर ठेवा. मेजावर उघडा ठेवला तर मोटरची थरथर मेजातून चढते. शॉट असे: चेनचे दात अगदी जवळून, रनर (चेनची सरकती कडी) अर्ध्यात. मग सुई पहिली टीप मारताना. मग कोपरा, आणि हा शॉट सोडू नका. सुई कापडात रुतवलेली, फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचललेला, पिशवी तिच्याभोवती वळते, फूट खाली, पुन्हा टीप. शेवटी चेन एका दमात ओढल्याची झर्र. एकही शब्द नाही, तरी कोपऱ्याचा तो शॉट पाहून कसब कळतं. प्रत्येक शॉट हवा त्यापेक्षा आधी-नंतर दोन-दोन सेकंद जास्त घ्या, जोडताना जागा लागते.

पाचव्या व्हिडिओपासून त्याच चित्रांवर नंतर बोलायचं. आधी आवाज रेकॉर्ड करा, मग त्याच्या लांबीला चित्रं कापा. उलटं केलं तर चित्राच्या मागे धावत बोलावं लागतं आणि घाई ऐकू येते. कागदावर पूर्ण वाक्यं न लिहिता चार शब्द लिहा: कोपरा, सुई खाली, फूट वर, वळवा. वाक्य अडखळलं तर थांबून तेच वाक्य पहिल्यापासून म्हणा, रेकॉर्डिंग बंद करू नका. अडखळलेला तुकडा कापून त्या जागी हातांचा शॉट टाकला की सांधा दिसत नाही. मूळ अडचण 'एका दमात बोलता येत नाही' ही असते, आणि एका दमात बोलायची गरजच नाही हे हातांचे शॉट हाताशी असले की आपोआप पटतं. चेहरा त्यानंतर, तोही पहिल्या तीन सेकंदांपुरता. त्याआधीच स्वतःला जबरदस्तीने कॅमेऱ्यासमोर उभं करणाऱ्यांच्या चॅनेलवर दोनच व्हिडिओ असतात. (दुसरा 'लवकरच येतोय' असं सांगणारा.)

उजेडाचं थोडक्यात: खिडकी बाजूला, पाठीशी नको. खिडकीचा निळसर आणि जुन्या बल्बचा पिवळा उजेड एकत्र नको, कातडी आजारी दिसते. एलईडी लुकलुकत असेल तर 50 हर्ट्झ विजेच्या ठिकाणी शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद, 60 हर्ट्झला 1/60 किंवा 1/120. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणाऱ्या उजेडाचं प्रमाण) लॉक करा, नाहीतर पांढरं कापड चौकटीत येताच बाकी सगळं काळवंडतं.

गाण्यांचं मात्र सांगायलाच हवं. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंटला चालू गाण्यांचा पूर्ण संग्रह मिळत नाही, आणि वैयक्तिक अकाउंटवरून तेच गाणं लावून माल विकणं म्हणजे परवान्याबाहेरचा व्यावसायिक वापर. यूट्यूबसाठी यूट्यूब ऑडिओ लायब्ररी, इन्स्टाग्राम-फेसबुकसाठी मेटाचं साउंड कलेक्शन वापरा. किंवा गाणंच नको. मशीनची टीप पुरेशी तालात असते.

एक दोष आधी माइकच्या माथी मारला होता तो परत घेतो. लांब रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू विसंगत होतात, तो दोष बहुतेक वेळा फोनचा असतो. फोन फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमी-जास्त करत राहतो आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर गोंधळतं. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून फाइल नव्याने काढली की जुळतं. पाच-पाच मिनिटांचे तुकडे घेतले तर हा प्रश्न सहसा जाणवत नाही.

बॅटरी अजून बरी आहे. ट्रान्समीटर पूर्ण उतरवून महिनाभर पडू देऊ नये, एवढंच पथ्य.

सध्या दुसरा सेट चालू आहे, त्याच जातीचा, कारण आवाजात खोट नाही. पातळ कव्हर घेतलं, रिसीव्हर सकाळी एकदा खोचला की काम संपेपर्यंत काढायचा नाही, आणि त्याच्या पाठीला रबरबँडचा एक वेढा फोनभोवती घेतलाय, म्हणजे धक्का पिनेवर जात नाही. टाइप-सीची एक्स्टेन्शन केबल लावून पाहिली. पहिली केबल फक्त चार्जिंगची निघाली, आवाज शून्य. त्या वेळीही दिवा हिरवाच होता. त्यावर आता काळी चिकटपट्टी लावली आहे.