डहाणूकर कॉलनीतील औषधाचे दुकान : झोपेच्या गोळ्यांपुरता अभिप्राय

मालकांना प्रसिद्धी नको असल्याने दुकानाचे नाव देत नाही; परिसरातील लोकांना ते वर्णनावरून ओळखू येईलच. रक्तदाबाच्या किंवा सर्दीच्या गोळ्या कुठेही मिळतात, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र हे दुकान गिऱ्हाइकाचा वेळ घेते, आणि तो घेऊ द्यावा असे माझे मत आहे.

यजमान गेल्यापासून माझ्या आत्यांची झोप उडाली होती. त्या सत्तरी ओलांडलेल्या असल्याने डॉक्टरांनी झोल्पिडेमची ५ मिलिग्रॅमची गोळी, तीही थोड्याच दिवसांसाठी, लिहून दिली. दुकानातील फार्मासिस्ट बाईंनी चिठ्ठीवरील तारीख पाहिली, गल्ल्याखालून जाड नोंदवही काढली, तीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि गोळ्यांची संख्या लिहिली आणि त्याच चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या घेता येऊ नयेत म्हणून डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचा शिक्का मारून तारीख घातली. यात उपकार काही नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत, म्हणजे औषध नियमांतील कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत आहेत आणि त्यांची स्वतंत्र नोंद ठेवून ती ३ वर्षे जपणे दुकानदाराला बंधनकारकच आहे. वेष्टनावरची लाल चौकट त्याचीच खूण. मात्र स्ट्रिप कापल्यावर मुदतीची तारीख छापलेला तुकडा दुकानातच राहतो, हे ओळखून बाईंनी ती तारीख आणि बॅच क्रमांक कागदी पाकिटावर पेनाने लिहून दिला. एवढी काळजी मी इतरत्र पाहिलेली नाही.

त्यानंतर प्रश्न सुरू झाले. आजी रात्री आणखी काही घेतात का, या प्रश्नातून आत्यांची अ‍ॅलर्जीसाठीची सेट्रिझीनची गोळी बाहेर आली, जी डॉक्टरांना सांगायचे आम्हाला सुचलेच नव्हते. दोन्ही गोळ्यांची गुंगी एकावर एक चढते, तेव्हा आधी डॉक्टरांना फोन करा, असे बाईंनी बजावले. पुढे त्यांनी घोरण्याबद्दल विचारले, कारण झोपेत श्वास अडकण्याचा विकार असल्यास काही झोपेच्या गोळ्यांनी तो बळावू शकतो; आणि मग, दुकानात गर्दी असताना, “आजी, रात्री लघवीला किती वेळा उठता?” असेही मोठ्याने विचारले. प्रश्न अगदी योग्य होता, कारण या वयात गुंगीत उठून तोल जाणे आणि खुब्याचे हाड मोडणे हा या गोळीचा मोठा धोका आहे. पण आत्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. असे प्रश्न विचारायला आतल्या बाजूला एक खुर्ची टाकली, तर दुकानाचे काही बिघडणार नाही.

आमच्या पुढे एक तरुणी होती, जिला सकाळी लवकर दुचाकीने हिंजवडीला जायचे असे. गोळी अंथरुणावर पडण्यापूर्वी लगेच घ्यायची, पुढचे सात-आठ तास झोपेसाठी मोकळे असतील तरच घ्यायची आणि मद्य घेतले असेल त्या रात्री घ्यायचीच नाही, असे बाईंनी तिला सांगितले. स्त्रियांच्या रक्तात झोल्पिडेमचा अंश सकाळपर्यंत अधिक टिकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी साध्या (हळूहळू विरघळणाऱ्या नव्हे अशा) गोळीची शिफारस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली होती. अर्धवट झोपेत चालणे किंवा वाहन चालवणे यांबद्दलचा ठळक इशारा २०१९ मध्ये आला.

नकार देण्याची पद्धतही नोंदवण्यासारखी आहे. वर्षानुवर्षे अल्प्राझोलाम घेणारे आमचे एक शेजारी जुनी चिठ्ठी घेऊन गेले, तेव्हा त्यांना गोळ्या मिळाल्या नाहीत; परंतु ही सवयीची गोळी एकाएकी बंद केल्यास झोप आणखी उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिट्सही येतात, हे सांगून बाईंनी त्यांना त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे जायला लावले. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली, ती मात्र मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवण्याची. दुसऱ्या एका दुकानात हेच गृहस्थ नुसते हाकलले गेले होते, आणि माझ्या मते ते चिठ्ठीविना गोळी देण्याइतकेच घातक आहे.

गैरसोयी आहेतच. दुपारी एक ते चार दुकान बंद असते, या गोळ्या घरपोच मिळत नाहीत आणि मोबाइलवरील चिठ्ठीचा फोटो चालत नाही. मूळ चिठ्ठी आणि चालू असलेल्या सर्व औषधांच्या स्ट्रिपा बरोबर घेऊन, शक्यतो सकाळी, गर्दी नसताना जावे.